शस्त्र ठेवलेले संत आणि गळ्यातले पदक

कॅथलिक आणि पौर्वात्य ख्रिस्ती परंपरेत संतांची यादी लांबलचक आहे. तीत विद्वान आहेत, भिक्षू आहेत, राण्या आहेत, शेतकरी आहेत. आणि एक ठसठशीत गट पेशाने शिपाई असलेल्यांचा आहे. सेबॅस्टियन, जॉर्ज, मॉरिस, मीनास, सर्जियस आणि बॅकस, डिमिट्रियस, मार्टिन ही त्यांतली ठळक नावे. बहुतेक जण इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या अखेरीस किंवा चौथ्याच्या सुरुवातीस रोमन सैन्यात होते असे परंपरा सांगते. त्या सैन्यात शिपायाला देवतांपुढे आणि सम्राटाच्या नावाने धूप जाळावा लागे. ख्रिस्ती शिपायाची अडचण तिथे होई. यांच्यापैकी कोणीही लढाई जिंकल्याबद्दल संत झालेला नाही. कोणी आज्ञा नाकारली, कोणी हत्यार खाली ठेवले, कोणी निमूट वार सोसले, आणि चर्चने त्यांना मान दिला तो त्यासाठी. पुढे लोकांनी मात्र त्यांच्या हाती पुन्हा भाला दिला, त्यांना घोड्यावर बसवले आणि त्यांची छबी रक्षणासाठी गळ्यात बांधली. सैनिक संतांच्या भक्तीचा सगळा इतिहास या दोन ओढींमधला आहे.

गळ्यात काय घालायचे हा प्रश्न या इतिहासात अगदी आरंभीच येतो. 12 मार्च 295 रोजी उत्तर आफ्रिकेतील थेवेस्टे येथे मॅक्सिमिलियन नावाच्या 21 वर्षांच्या तरुणाला भरतीसाठी उभे केले गेले. त्याच्या खटल्याची नोंद टिकून आहे आणि अशा नोंदींमध्ये ती बरीच विश्वसनीय मानली जाते. त्याची उंची मोजली गेली. मग गळ्यात शिशाची मुद्रा अडकवायची वेळ आली. रोमन शिपायाची ती ओळखपट्टी. मॅक्सिमिलियनने ती घ्यायला नकार दिला. ख्रिस्ताची खूण आपल्यावर आधीच आहे, त्यावर हे शिसे चालणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. प्रोकॉन्सल डायनने समजावले, धमकावले, सम्राटाच्या तैनातीतही ख्रिस्ती शिपाई आहेत हे सांगितले. पोरगा बधला नाही आणि त्याचे शिर उडवण्यात आले. पुढची सोळा-सतरा शतके लाखो ख्रिस्ती शिपायांनी गळ्यात संतांची पदके घालून लढाया केल्या. त्या परंपरेच्या तोंडाशी गळ्यातली मुद्रा नाकारणारा माणूस उभा आहे, हे विसरता येत नाही.

सर्जियस आणि बॅकस हे सिरियाच्या सरहद्दीवरचे अधिकारी. जुन्या चित्रांत ते गळ्यातल्या जाड सोनेरी कड्यावरून ओळखू येतात. ते त्यांच्या हुद्द्याचे चिन्ह होते. मीनास हा इजिप्तमधला. अलेक्झांड्रियाच्या नैर्ऋत्येला वाळवंटात त्याच्या थडग्याभोवती मोठे तीर्थक्षेत्र उभे राहिले. तिथून यात्रेकरू मातीच्या चपट्या कुप्या घेऊन जात. कुपीवर हात पसरून उभा असलेला मीनास आणि त्याच्या दोन बाजूंना गुडघे टेकलेले दोन उंट. आत तिथले पाणी किंवा दिव्यातले तेल. दोन्ही कानांतून दोरी ओवून ती गळ्यात अडकवता येई. या कुप्या युरोपातही उत्खननांत सापडल्या आहेत. धातूच्या पदकाचे काम त्या काळी ही मातीची कुपी करत होती.

या सर्वांत भारताच्या पश्चिम किनाऱ्याशी सर्वांत घट्ट नाते जुळले ते सेबॅस्टियनचे. त्याच्याविषयी पक्के असे थोडेच आहे: 354 सालच्या रोमन पंचांगात 20 जानेवारी या तारखेपुढे त्याचे नाव आहे, आणि रोमबाहेर आपियन मार्गावर त्याची समाधी आहे. बाकीची कथा पाचव्या शतकात लिहिली गेली. तो सम्राट डायोक्लेशियनच्या अंगरक्षक दलातला अधिकारी. लपून ख्रिस्ती कैद्यांना धीर देत असे. उघड झाल्यावर त्याला खांबाला बांधून बाणांनी विंधण्यात आले आणि मेला समजून सोडून दिले गेले. आयरीन नावाच्या विधवेने जखमा धुतल्या, तो वाचला. मग पळून जायचे सोडून तो सम्राटाच्या वाटेत जाऊन उभा राहिला आणि तोंडावर बोलला. दुसऱ्या वेळी त्याला दांडक्यांनी ठार करण्यात आले. म्हणजे बाणांनी तो मेलाच नाही. तरी चित्रात, मूर्तीत, पदकावर बाणच उरले. सातव्या शतकातल्या रोममधील एका मोझेइक चित्रात तो दाढीवाला प्रौढ माणूस आहे. कोवळा, उघड्या अंगाचा तरुण सेबॅस्टियन ही नंतरच्या इटालियन चित्रकारांची करणी.

त्याची भक्ती पसरली ती साथींमुळे. रोगराई म्हणजे वरून सुटलेले बाण ही कल्पना ग्रीकांपासून चालत आलेली. बाण लागूनही जगलेला संत म्हणून साथीत त्याचा धावा सुरू झाला. 680 च्या इटलीतील साथीत त्याच्या नावाने वेदी उभारल्यावर रोग ओसरला असे सांगितले गेले आणि चौदाव्या शतकातल्या काळ्या मृत्यूनंतर तर गावोगावी त्याची देवळे झाली. मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेणाऱ्या मुलखाला हे समजावून सांगायला नको. शिपाई आणि तिरंदाज यांचा तो आश्रयदाता राहिलाच. अलीकडे खेळाडूंचाही झाला. अमेरिकेत मिळणाऱ्या काही पदकांवर एका बाजूला सेबॅस्टियन आणि दुसऱ्या बाजूला फुटबॉलपटू असतो.

जॉर्जची गोष्ट उलट्या दिशेने गेली. परंपरेनुसार तो 303 च्या सुमारास पॅलेस्टाइनमधील लिड्डा येथे मारला गेला. मूळ कथेत छळ आहे, मरण आहे, लढाई नाही. अजगरासारख्या राक्षसी प्राण्याला भाल्याने मारून राजकन्येची सुटका करणारा घोडेस्वार हा अकराव्या शतकानंतरचा. तेराव्या शतकात याकोबुस दे वोराजिनेच्या संतचरित्रसंग्रहाने ही गोष्ट युरोपभर नेली. तोवर क्रुसेडच्या फौजांनी जॉर्जला आपला केलेलाच होता. त्याच पॅलेस्टाइनमध्ये मुसलमान त्याला खिज्र म्हणून मानत आले. एकाच संताच्या नावाने एका फौजेने दुसरीवर चाल करावी आणि दोघांच्याही घरच्यांनी त्याच्याच थडग्याला नवस बोलावा, असे तिथे घडत होते.

सेबॅस्टियनला भारताच्या किनाऱ्यावर आणले ते पोर्तुगीजांनी. ते 1510 मध्ये गोव्यात स्थिरावले, 1534 मध्ये वसई त्यांच्या हाती आली. किल्ल्यांच्या बुरुजांना संतांची नावे देण्याची त्यांची रीत होती. वसईच्या किल्ल्यात एक बुरुज सेबॅस्टियनच्या नावाचा होता. 20 जानेवारी 1554 ला, म्हणजे या संताच्या सणादिवशी, जन्मला म्हणून पोर्तुगालच्या राजपुत्राचे नावही सेबॅस्टियन ठेवले गेले. तो राजा होऊन 1578 मध्ये मोरोक्कोच्या रणात पडला. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसईवर अखेरचा हल्ला चढवला, तेव्हा सुरुंग लावून फोडलेल्या बुरुजांत सेंट सेबॅस्टियनचा बुरुज होता. किल्ला गेला, तालुक्यातली ख्रिस्ती गावे, त्यांची देवळे आणि सण राहिले.

पणजीच्या फोंतेन्हास वाड्यातले सेंट सेबॅस्टियनचे छोटे पांढरे चॅपेल गोव्यात जाणाऱ्या पुष्कळ मराठी पर्यटकांनी बाहेरून पाहिलेले असते. आत एक मोठा क्रूस आहे. तो मूळचा जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाच्या वाड्यातला; तिथून पणजीच्या आदिलशाही राजवाड्यात आणि 1918 मध्ये या चॅपेलमध्ये आला. ख्रिस्ताचे डोळे सहसा मिटलेले दाखवतात, इथे ते उघडे आहेत. चौकशीला आणलेल्यांना धाक वाटावा म्हणून, असे सांगितले जाते. छळ सोसलेल्या शिपायाच्या चॅपेलमध्ये छळ करणाऱ्या कचेरीतला क्रूस येऊन पडावा, हा योगायोग चांगलाच बोचरा आहे.

शिपायी हुद्दा देण्यासाठी पोर्तुगीजांना खरा शिपाई लागतच होता असेही नाही. पादुआचा अँटनी हा 1195 मध्ये लिस्बनला जन्मलेला फ्रान्सिस्कन साधू. त्याने जन्मात तलवार धरली नाही. पण 1668 मध्ये त्याचे नाव पोर्तुगालमधल्या लागोसच्या पलटणीत रीतसर नोंदवले गेले आणि पुढे त्याला बढती मिळाली. जुन्या गोव्यातल्या सेंट अँटनीच्या चॅपेलमधील मूर्तीलाही कॅप्टनचा हुद्दा होता आणि सणादिवशी मूर्ती मिरवत खजिन्यात नेऊन तिचा पगार घेतला जाई, असे गोव्यात सांगतात. देवाला जहागीर देणाऱ्या दख्खनला यात नवल वाटू नये. तरी पगारपत्रकावरचा संत ही गंमत वेगळीच.

खरोखरीचा शिपाई ज्याने हत्यार टाकले आणि ज्याच्या संघाचा मराठी भाषेशी थेट संबंध आला, तो इग्नेशियस लोयोला. स्पेनच्या बास्क मुलखातला हा सरदारपुत्र. 20 मे 1521 रोजी पांप्लोना येथे तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याला शौर्यकथा हव्या होत्या; घरात होती ती ख्रिस्ताची आणि संतांची चरित्रे. बरा झाल्यावर 1522 च्या मार्चमध्ये मोन्सेरातच्या मठात त्याने रात्रभर जागून आपली तलवार आणि खंजीर मारियेच्या वेदीपाशी ठेवले. त्याने काढलेल्या येशूसंघाला 1540 मध्ये मान्यता मिळाली आणि 1542 मध्ये त्याचा सोबती फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरला. याच संघातले फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले आणि त्यांचे मराठी ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये छापले गेले.

झेवियरच्या गळ्यातल्या वस्तूची हकिकत पदकांच्या इतिहासात मुद्दाम सांगण्यासारखी आहे. मोलुक्का बेटांवरून धाडलेल्या पत्रात त्याने सोबत्यांना कळवले होते, की तुमच्या पत्रांवरच्या सह्या मी कापून घेतल्या आहेत आणि त्या सतत जवळ बाळगतो. त्यांच्याबरोबर त्याच्या स्वतःच्या व्रताचा कागद होता. त्या सह्यांत इग्नेशियसचीही होती. तेव्हा इग्नेशियस जिवंत होता, संत झालेला नव्हता. दोघांनाही संतपद मिळाले ते 12 मार्च 1622 ला, एकाच दिवशी. रक्षणाची मागणी त्या कागदांत नव्हती, होती ती दूर राहिलेल्या माणसांची आठवण. पदक कशासाठी घालायचे याबद्दल चर्च जे सांगत आले आहे, ते त्याच्या गळ्यातल्या चिटोऱ्यांवरून चांगले कळते.

धातूची पदके मात्र त्याहून खूप जुनी. रोमच्या भूमिगत दफनभूमींत पीटर आणि पॉल यांच्या मुद्रा असलेली कांस्य पदके सापडली. मध्ययुगात यात्रेकरू शिसे-कथलाचे बिल्ले टोपीला टाचून घरी येत. सान्तियागोहून परतणारा शिंपला लावून येई. आशीर्वादित पदक आज ज्या रूपात दिसते, अंडाकृती, वर कडी, दोन्ही बाजूंना छाप, ते सोळाव्या शतकात रोमहून पसरले. प्रॉटेस्टंटांनी मूर्ती आणि अवशेषांवर टीकेची झोड उठवली होती. 1563 मध्ये ट्रेंटच्या परिषदेने उत्तर दिले, की मान प्रतिमेला नसून प्रतिमा ज्याची आहे त्याला असतो आणि प्रतिमेत स्वतःची काही शक्ती मानू नये. सर्वांत जास्त गळ्यांत गेले ते मारियेचे तथाकथित चमत्कारी पदक. पॅरिसमधल्या कॅथरिन लाबुरे या जोगिणीला 27 नोव्हेंबर 1830 रोजी झालेल्या दर्शनावरून ते घडवले गेले आणि 1832 च्या कॉलऱ्याच्या साथीत ते वाटले जाऊ लागले. पुन्हा साथच. 16 डिसेंबर 1910 रोजी पोप दहावे पायस यांनी स्कापुलरऐवजी, म्हणजे गळ्यात घालायच्या लोकरी कापडाच्या तुकड्यांऐवजी, धातूचे पदक घालायला परवानगी दिली. आफ्रिकेतल्या मिशनऱ्यांची तक्रार होती, की उष्ण हवेत, घामाने कापड कुजते. मराठवाड्याच्या मे महिन्यात कापडी स्कापुलर घालून पाहणाऱ्याला ही परवानगी लगेच पटेल.

नियम साधे आहेत. पदक विकत घ्यायचे, मग धर्मगुरूकडे न्यायचे. तो छोटी प्रार्थना म्हणून क्रुसाची खूण करतो, पवित्र पाणी शिंपडतो. क्रम महत्त्वाचा. आशीर्वादित वस्तू विकली तर तिच्याशी जोडलेला विशेष लाभ संपतो, म्हणून दुकानातले पदक आशीर्वाद न झालेलेच असते. पदकाने गोळी अडते, परीक्षा पास होता येते, असे चर्च म्हणत नाही. तसे मानणे म्हणजे अंधश्रद्धा, असे धर्मशिक्षणाच्या पुस्तकात स्पष्ट आहे. युद्धावर निघालेल्या मुलाच्या गळ्यात पदक घालणारी आई ते पुस्तक वाचत बसत नाही, हेही तितकेच खरे.

दक्षिणेत या भक्तीने एक अनपेक्षित वळण घेतले. केरळमध्ये आलप्पुळाजवळच्या अर्थुंकल येथे सेबॅस्टियनची मूर्ती आहे. ती मिलानमध्ये घडवून 1647 मध्ये आणली असे मानतात. जानेवारीतला तिथला सण केरळातल्या मोठ्या सणांपैकी एक. शबरीमलैहून परतणारे कितीतरी अय्यप्पाभक्त वाट वाकडी करून इथे येतात आणि व्रतकाळात गळ्यात घातलेली मुद्रामाळ याच देवळात उतरवतात. अय्यप्पाही योद्धा देव, धनुष्यबाण घेतलेला. दोघांना भाऊ मानणारी लोकश्रद्धा आहे.

मराठवाड्यात, विशेषतः नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत, मात्र ख्रिस्ती वस्ती फार विरळ. कॅथलिकांसाठी हे दोन्ही जिल्हे औरंगाबाद धर्मप्रांतात येतात. तो 1977 मध्ये अमरावतीतून वेगळा काढण्यात आला. निजामी मुलखात मिशनचे काम उशिरा आणि तुटक झाले. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल गाव वसवले, पण ते स्कॉटिश फ्री चर्चचे, म्हणजे संतभक्ती न मानणारे. मराठवाड्यातल्या प्रॉटेस्टंट घरात साधा क्रूस असतो, संताचे पदक नसते. शिपाई हा शब्द मात्र त्यांच्यातल्याच एका पंथाने घट्ट धरला. 1882 मध्ये मुंबईत उतरलेल्या मुक्तिफौजेत सभासदाला शिपाई म्हणतात, हुद्दे लष्करी, कॉलरवर बिल्ला, आणि सारी लढाई दारू, दारिद्र्य आणि पापाशी. नगर जिल्ह्यात तिचे काम मोठे. संतावाचून शिपाईपण, अशी ही तऱ्हा.

म्हणून मराठवाड्यातल्या वाचकाला सैनिक संत जवळून ओळखायचा तर शेजारच्या दोन परंपरांकडे पाहावे लागते. नांदेड-लातूर रस्त्यावर लोहा तालुक्यात माळेगाव आहे. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास तिथे खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार, वाघ्या-मुरळी, भंडाऱ्याने पिवळी झालेली माणसे. खंडोबा घोडेस्वार देव. घराघरांतल्या देव्हाऱ्यात त्याचा टाक असतो. चांदीचा पातळ पत्रा ठशावर ठेवून ठोकतात आणि मागे तांब्याचा पत्रा बसवतात. टाकावर घोडा उजवीकडे किंवा डावीकडे झेपावलेला, देवाच्या हाती उगारलेले खांडे, पुढ्यात किंवा मागे म्हाळसा, घोड्याच्या पायांशी कुत्रा. त्याच्याशेजारी सेंट जॉर्जचे पदक ठेवून पाहिले तर मांडणी थक्क करण्याइतकी एकसारखी: स्वार, वर गेलेला हात, खाली तुडवला जाणारा शत्रू. फरक शत्रूच्या वाट्याला काय येते यात आहे. जॉर्जचा अजगर मरतो आणि संपतो. खंडोबाच्या कथेतल्या दोन दैत्यांपैकी मणी शरण येऊन वर मिळवतो आणि देवाशेजारी पूजा घेतो. मल्लाचे शिर पायरीशी येते. दुसरा फरक जागेचा. टाक कुळाचा असतो, देव्हाऱ्यात राहतो, भावांत वाटणी झाली की नवा घडवावा लागतो. पदक एकट्या माणसाचे, त्याच्याबरोबर हिंडणारे. अंगावर बाळगायला लोक ताईत करतात, पण ताइताच्या आत काय आहे ते दिसत नाही. पदकावरचा चेहरा दिसावा म्हणूनच ते घालायचे.

नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबमध्ये चित्र आणखी वेगळे होते. गुरू गोविंदसिंगजींचा देहान्त ऑक्टोबर 1708 मध्ये इथे झाला; माधोदास बैरागी म्हणजे पुढचा बंदासिंग बहादुर त्यांना इथेच भेटला. आजची मुख्य वास्तू महाराजा रणजितसिंगांच्या काळात 1832 ते 1837 दरम्यान उभी राहिली. शीख परंपरेतला आदर्श संत-सिपाही हा आहे: संतपण आणि शिपाईपण एकाच माणसात, एकाने दुसऱ्याला बाद न करता. अन्य सर्व उपाय थकले तर तलवार उचलणे धर्म्य, हा विचार गुरूंनी औरंगजेबाला पाठवलेल्या जफरनाम्यात आहे. त्यामुळे हजूर साहिबमध्ये गुरूंची शस्त्रे जपली आहेत, त्यांचे दर्शन दिले जाते, दसऱ्याला आणि होळीला हल्लाबोलची मिरवणूक निघते. रस्त्यावरच्या दुकानांत लोखंडी कडी आणि कृपाणी मांडलेल्या असतात. कड्यावर कोणाची छबी नसते. ते रक्षणासाठी नाही, घेतलेल्या बांधिलकीचे चिन्ह म्हणून मनगटात असते. मॅक्सिमिलियनने ज्या अर्थाने ख्रिस्ताची खूण म्हटले त्याच्या ते पदकापेक्षाही जवळ जाते. सेबॅस्टियनची मूर्ती आणि हजूर साहिबची शस्त्रे यांत मात्र मोठे अंतर आहे. एकाचे हात खांबाला बांधलेले, दुसऱ्याच्या हातातली तलवार पूजेत.

1969 मध्ये रोमने संतांचे पंचांग नव्याने मांडले. सेबॅस्टियन आणि जॉर्ज यांचे सण ऐच्छिक ठरले, प्रवाशांचा आश्रयदाता क्रिस्टोफर सर्वसाधारण पंचांगातून गळला. पदकांच्या खपावर त्याचा परिणाम फारसा झाला नाही. पोलिसांत आणि सैन्यात मायकेल या देवदूताचे, गाडीत क्रिस्टोफरचे, मैदानावर सेबॅस्टियनचे पदक चालूच राहिले. झिजून चेहरा पुसलेले पदक कचऱ्यात टाकत नाहीत. ते जमिनीत पुरतात किंवा वितळवतात, आणि आकार गेला की आशीर्वादही गेला असे मानतात. टाक झिजला तर तो सोनाराकडून उजळून घेतात, मग देवाच्या पायाला लावून आणतात. तो तोच टाक राहतो.